एकेचाळिसावी ओळ

कुटाइसीत रात्री दोनला माझ्या खिडकीखालची
पावाची भट्टी पेटते. तेव्हा सापडली.
शोधत होते भलतंच, तारखांचा एक घोळ.
तीन वर्षांपूर्वीचा मार्च, चाचणीची फाइल,
ओळ एकेचाळिसावी. अक्षर नसतं कोडला,
तरी ओळखलं, माझंच.

खोटा पत्ता सुचला नव्हता, म्हणून खरा लिहिला होता.
गल्ली, मजला, दाराचा रंग,
आणि पुढे: बेल दोनदा वाजवा.
(रंग इथे सांगत नाही. एकदा लिहिला तेवढा पुरे.)

त्या दारामागे एक बाई राहते, मुलाला घेऊन.
तिचा नवरा अजून विचारत फिरतो
बस थांब्यांवर, औषधांच्या दुकानांत,
फार अदबीने.

दुसऱ्याच दिवशी मी ती ओळ खोडली होती, हे खरं.
शेरा मारला होता: किरकोळ दुरुस्ती.
आणि रेपोने, इमानी कारकुनासारखं,
खोडल्याची वेळ लिहून घेतली
आणि खोडलेलं शेजारीच जपून ठेवलं.
गेल्या हिवाळ्यात आम्ही तो सगळ्यांसाठी खुला केला,
दुसऱ्या शहरांतल्या संस्थांच्या उपयोगी पडावा म्हणून.
त्या संध्याकाळी केक कापला होता.

बाजारात चुर्चखेला टांगलेल्या असतात,
दोऱ्यात ओवलेले अक्रोड, वर द्राक्षरसाची साल.
मधला एक अक्रोड काढून बघा.
साल फुटते, खालचे सगळे सुटतात,
पुन्हा ओवावे लागतात, पुन्हा बुडवावे लागतात.
तसे नऊशे सहा कमिट मी पहाटेपर्यंत ओवले.
तारखा त्याच, नावं तीच,
हॅश मात्र प्रत्येकाचा नवा.
वख्तांगचेसुद्धा. तो जाऊन दीड वर्ष झालं.
त्याने लिहिलेल्या एकाही अक्षराला हात लावला नाही,
तरी मेलेल्या माणसाची सही
त्याला न विचारता पुन्हा केल्यासारखं वाटलं.

मग फोर्स पुश.
मग अकरा जणांना निरोप:
तुमच्याकडची प्रत टाकून द्या, नवी घ्या,
जुनीवरून काही ढकलू नका, नाहीतर ती ओळ परत येईल.
दहा जणांनी हो म्हटलं.
गोचाने लिहिलं, माझा जुना लॅपटॉप
जुग्दिदीच्या बाजारात विकला, ऑगस्टमध्ये.
कुणाला? टोपीवाला होता एक.

आणि ज्यांनी न सांगता उतरवून घेतलं असेल
त्यांची यादी कुठे असते?

सात वाजता त्सिउरीला फोन केला.
वाक्य तयार होतं: इतिहासातून काढून टाकलंय.
तिने मध्येच विचारलं, कुणी वाचलं का?
माहीत नाही.
मग ती रागावली नाही. रागावली असती तर बरं.
म्हणाली, मग पत्ताच बदलते.
किल्ली हरवली तर आपण किल्ली खोडत बसत नाही, नेस्तान.

दुपारपर्यंत घर रिकामं झालं.
दोन पिशव्या, एक शिवणयंत्र,
खिडकीतला टॅरॅगॉनचा डबा गाडीत मांडीवर.
मला हे नंतर कळलं. नवी गल्ली कळली नाही.
मी विचारली नाही,
आणि न विचारणं हेच मला आता
जरा बरं जमतं.

फाइल अजून आहे. चाचण्या चालतात.
एकेचाळिसाव्या ओळीत आता: गल्ली अबक, मजला शून्य.

परवा त्सिउरी सहज बोलून गेली,
मुलाला नव्या शाळेत बाईंनी विचारलं, आधी कुठे होतास?
तो म्हणाला, कुठेच नाही.
सहा वर्षांचा आहे.
चेहराही हलला नाही म्हणे त्याचा.

मी फोन ठेवला, खाली जाऊन पाव घेतला,
गरम होता, हात पोळला,
आणि घरी येऊन स्वतःच्याच दाराची बेल
दोनदा वाजवली. आत कुणी नव्हतं.